अठरा किलोची नात

बुलढाण्याजवळच्या धाड गावात माझं अडतीचं दुकान आहे. शेतकऱ्याचं सोयाबीन, मका, हरभरा माझ्या काट्यावर येतो आणि तिथून व्यापाऱ्याकडे जातो. पोतं काट्यावर चढलं की आकडा सांगण्याआधी बारदान वजा करायचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन त्यातून काढून टाकायचं, ही माझी जन्माची सवय. बाजाराच्या दिवशी बारदानावरून कुणी हुज्जत घातली तर मी त्याची गय करत नाही. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं तापट आहे. बायको म्हणते, माझ्या बोलण्यानं चुलीवरचं दूध नासेल. पुढं जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या घरी झालं असतं, तर मी त्या माणसाला चार शब्द सुनावले असते.

माझा जावई जर्मनीत नोकरीला असतो. माझी मुलगी अडीच वर्षांच्या नातीला घेऊन त्याच्याकडे जायची होती. व्हिसा हातात आला होता. त्याच आठवड्यात बुलढाण्याहून परत येताना काळीपिवळी जीप एका वळणावर उलटली आणि मुलगी गेली. नात तिच्या मांडीवर होती. तिच्या कपाळाला नुसतं खरचटलं. लोक सांगतात की मुलीचे हात लेकराभोवतून सोडवायला दोन माणसं लागली. मी ते पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी भेटेल तिथं मला थांबवून ते सांगण्याची काही गरज नव्हती.

या एकाच अपघाताचे आमच्याकडे दोन अर्थ लागले. बायकोचं म्हणणं, लेकरू आईच्या मांडीवर होतं म्हणून वाचलं. जावयाचं म्हणणं, मांडीवर लेकरू आणि अंगावर पट्टा नाही, म्हणून लेकराची आई गेली. तो दिवसकार्याला आला तेव्हा नातीला घेऊन जातो म्हणाला होता. पण नात त्याच्याकडे जाईना, त्याला बघितलं की माझ्या धोतरात तोंड लपवायची. शिवाय तो तिकडे आणखी एकाबरोबर एका खोलीत राहायचा. आमच्याकडे ठेवून गेला. मग दोन वर्षं तो तिला मोबाईलमध्ये बघत होता आणि ती त्याला मोबाईलमध्ये बघत होती.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचा फोन आला. आता त्यानं स्वतंत्र घर घेतलं होतं. म्हणाला, “मामाजी, तुम्ही तिला घेऊन या. दोन महिने राहू द्या माझ्याजवळ. रमली तर पुढचं बघू, नाही रमली तर तुमच्यासोबतच परत जाईल.” दोघांचीही जाण्यायेण्याची तिकिटं त्यानं काढली. नात धाडला राहणार की तिकडे, याचा निकाल त्या दोन महिन्यांत लागणार होता. हे मला कळत होतं, त्याला कळत होतं आणि बायकोला तर सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

“मी तिले पोचवाले येणार नाही,” ती म्हणाली. “तुम्हीच जा. आणि जशी नेता तशी वापस आणजा.”

मग गाडीतल्या सीटचा विषय निघाला. तिकडे लहान मूल गाडीत असं उचलून बसवता येत नाही, त्याला उंच करणारी वेगळी बैठक लागते, नाहीतर टॅक्सीवाला दार उघडत नाही, असं जावयानं सांगितलं. त्याच्याकडे तेव्हा गाडी नव्हती. विमानतळावरून टॅक्सीनंच घरी जायचं होतं. “हलकी, घडी होणारी घ्या. हातात धरून विमानात नेता येईल, परत जातानाही कामी येईल. फक्त तिच्या वजनाला चालेल अशी घ्या. वजन किती आहे तिचं?”

मी तोंड उघडायच्या आत बायको मागून म्हणाली, “अठरा किलो.”

“अरे वा,” तो म्हणाला. “फोनमध्ये तर बारीक दिसते.”

“फोनात सगळेच तसे दिसतात. मस्त खाते ते.”

ती मस्त खात नव्हती. आई गेल्यापासून दोन घास खायची आणि तिसरा गालात धरून बसायची. बायको वाटी घेऊन तिच्यामागं दुकानापर्यंत यायची. तरीपण अठरा हा आकडा काही बायकोनं हवेतून काढलेला नव्हता. तो माझ्याच काट्यावर भरलेला होता, आणि माझ्या काट्यावर माझा देवाइतका विश्वास.

तो आकडा आला कुठून ते सांगतो. अपघातातून नात वाचली तेव्हा बायकोनं देवीला नवस बोलला होता की लेकराची गूळतुला करीन, तिच्या वजनाइतका गूळ वाटीन. ती गूळतुला गेल्या दिवाळीनंतर केली. देवळात मोठा तराजू टांगला. बायकोच्या माहेरची रीत अशी की ज्या लेकराला आई नाही त्याला उघड्या पारड्यात बसवत नाहीत, त्याच्याखाली आईचं काहीतरी ठेवतात. मुलीच्या लुगड्यांची आणि ओढण्यांची एक गोधडी बायकोनं वर्षभर बसून शिवली होती. जाड, चार पदरी. ती घडी करून पारड्यात ठेवली, तिच्यावर नातीला बसवलं, ओटीत नारळ दिला, पायात पैंजण होतेच. दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपी चढवल्या, आणि गुळाचं पारडं जमिनीला टेकलं पाहिजे म्हणून वर आणखी एक तुकडा ठेवला. देवाच्या बाजूला कमी पडू नये. वाटायच्या आधी तो गूळ माझ्या दुकानात आला. मी काट्यावर टाकला. अठरा किलो भरला. बायकांनी तोंडावर बोटं ठेवली आणि त्या दिवसापासून माझी नात अठरा किलोची झाली.

पुन्हा वजन करायचा प्रश्नच आला नाही. लेकराला काट्यावर चढवलं की नजर लागते, असं बायको मानते. अंगणवाडीत महिन्याला वजन करून मोठ्यानं सांगतात, म्हणून त्या दिवशी ती नातीला धाडायची नाही. माझ्या दुकानात दिवसभर काटा चालू असायचा आणि नात त्याच्याभोवती खेळायची. त्यावर चढायला गेली की मीच ओरडायचो.

सीट घ्यायला संभाजीनगरला गेलो. लेकरांच्या सामानाचं मोठं दुकान होतं, आत गारठा आणि बाहेर ऊन. दुकानातल्या बाईनं चार प्रकार काढून दाखवले. एक हवा भरून फुगवायची होती. मी ती दाबून पाहिली आणि बाजूला सारली, टाचणी लागली तर संपलं. एक अंगात घालायचं जाकीट होतं, त्याला इतके बंद की नात ते घालायच्या आधी विमान सुटलं असतं. एक बोटभर जाडीची होती, ती लेकराला उंच करत नाही, गाडीचा पट्टाच खाली ओढून धरते. चौथी घडीची होती. खाली कडक, वर जाड गादी, दोन्ही बाजूंना पट्टा अडकवायला खाचा, उचलायला मूठ. मिटवली की पाटीदप्तराएवढी व्हायची. मी ती उलटी करून युरोपात चालणारं नारिंगी लेबल बघून घेतलं, जावयानं सांगून ठेवलं होतं तसं.

“बाळाचं वजन किती?” बाईनं विचारलं. “ही पंधरा किलोच्या वर चालते. खाली असेल तर पाठीची, स्वतःचे पट्टे असलेली मोठी खुर्ची घ्या. ती जास्त सुरक्षित असते. पण तिची घडी होत नाही.”

“अठरा आहे,” मी म्हणालो. आवाज जरा चढाच होता. माल तोलणाऱ्याला वजन विचारलं की मला राग येतो.

खरं सांगायचं तर तिनं मोठी खुर्ची फुकट दिली असती तरी मी घेतली नसती. मला घडीचीच हवी होती. घडीची वस्तू जाते तशी परत येते.

घरी आणली तर बायकोनं ती हातातसुद्धा घेतली नाही. “लेकराले मांडी पुरते,” म्हणाली. “हे कायले?” नातीनं मात्र ती दुकानात नेली, माझ्या बैठकीशेजारी मांडली आणि चढून बसली. माझी ती गादी, तर ही तिची गादी. येणाऱ्या शेतकऱ्याला ती सांगायची, “इकडं नोका बसू, हे माही गादी हाय.” माणसं हसायची आणि लांब बसायची. त्या पंधरवड्यात ती जितकं बोलली तितकं दोन वर्षांत बोलली नव्हती.

जायच्या आधी एकदा शेजाऱ्याच्या गाडीत बसवून बघितली. आमच्याकडे मागच्या सीटचा पट्टा कुणी लावत नाही. त्याची कडी सीटकव्हरच्या खाली गाडलेली होती, भुईमुगाच्या टरफलांसकट. ती उकरून काढली. नातीला गादीवर बसवलं, पट्टा खेचला, तर तो खांद्यावरून यायच्या ऐवजी मानेला घासत गेला. नातीनं मान वाकडी केली. बायकोनं माझा डोक्याला बांधायचा पंचा घडी करून तिच्या मानेपाशी खुपसला. “मोठी होऊन राह्यली ते,” म्हणाली. “तिकडं जाईपर्यंत बसन बरोबर.” मला वाटलं पट्टाच जुना आहे, गाडी धड नाही.

निघायच्या दिवशी बायको दारात आली नाही. आत गोधडी घडी करत बसली होती. मी हाक मारली तर म्हणाली, “ऐकून राह्यली मी. जा.”

प्रवासाचं काही सांगत नाही, तो झाला. तिकडे विमानतळाच्या दाराबाहेर जावई उभा होता. नातीनं त्याला ओळखलं. तो खाली वाकला आणि त्यानं तिला उचललं. दोन वर्षांत पहिल्यांदा. ती रडली नाही, ताठ राहिली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग मी बघत होतो, त्याचा चेहरा बदलला. त्यानं तिला एकदा थोडं वर केलं आणि पुन्हा हातावर घेतलं. मी पोतं उचलून अंदाज घेतो तसं.

“मामाजी,” तो म्हणाला, “ही अठरा किलोची नाही.”

“कपडे पातळ आहेत अंगात,” मी म्हणालो.

टॅक्सी आली. मी गादी मांडली, नातीला बसवलं, पट्टा लावला. पट्टा तिथंही मानेवरच आला. टॅक्सीवाल्यानं आरशातून बघितलं, खाली उतरून दार उघडलं, पट्टा बोटानं धरला आणि मान हलवली. जावई त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलला. मग मला म्हणाला, “नेत नाही म्हणतो. जोरात ब्रेक लागला तर पट्टा गळ्यात...” आम्हा दोघांना एकच वळण आठवलं होतं.

तो आम्हाला परत आत घेऊन गेला. तिथं प्रवाशांनी आपलं सामान तोलून बघायचा एक काटा होता, माझ्या दुकानातल्यासारखाच, जमिनीलगत. त्यानं नातीला त्यावर बसवलं. ती मांडी घालून बसली, दोन्ही हात ओटीत घेतले, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “आबा, आता गूळ वाटाचा का?”

काट्यावर चौदा किलो आणि वर दोनशे ग्रॅम आले. बुटांसकट.

आम्ही आगगाडीनं घरी गेलो. गादी मी मांडीवर घेऊन बसलो होतो. नात बापाच्या शेजारी, खिडकीकडे बघत. माझं डोकं आपोआप हिशेब करत होतं. चार किलो गेले कुठे? दुकानातला काटा चुकत नाही, मी दर आठवड्याला तपासतो. गूळ अठराच होता. मग पारड्यात काय काय होतं ते एकेक आठवू लागलं. नारळ. पैंजण. जमिनीला टेकायला टाकलेला वरचा तुकडा. आणि गोधडी. माझ्या हातून आयुष्यात एक पोतं बारदानासकट गेलं नाही, आणि घरच्या लेकराचं मी वजा केलं नव्हतं.

त्याच दिवशी मी जावयाला सगळं सांगितलं. वाटलं, कळलं की आम्ही मुद्दाम वजन फुगवून सांगितलं हा त्याचा गैरसमज जाईल. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “म्हणजे मी विचारायचो ती कशी आहे, आणि तुम्ही मला तिच्या आईच्या गोधडीचं वजन सांगत होता.”

मला राग आला आणि तो कुठं ठेवावा ते कळेना.

डॉक्टरला दाखवलं. वयाच्या मानानं वजन कमी, रक्त कमी. महिनोन्‌महिने औषध, वेळच्या वेळी तपासणी, आणि जेवताना तिच्याशी बोलणारं माणूस पाहिजे. जावई म्हणाला, “मी तुम्हाला दोष देत नाही, मामाजी. पण आता तिला पाठवत नाही.” दोष दिला असता तर मला भांडता आलं असतं. बायको वाटी घेऊन कशी मागं फिरायची, नात माझ्या शेजारी गादीवर बसून कशी बोलायला लागली होती, हे सगळं माझ्याकडे सांगण्यासारखं होतं. पण चौदाच्या पुढं त्यातलं काहीच भरेना.

मी पुरते दोन महिने राहिलो. नात हळूहळू खायला लागली. हे मी डोळ्यांनी बघितलं, खोटं कशाला बोलू. आणि मला त्याचा आनंद व्हायला पाहिजे होता तेवढा झाला नाही.

माझ्या निघण्याच्या आधी जावयानं जुनी गाडी घेतली. मागच्या सीटवर त्यानं मोठी खुर्ची बसवली, पाठीची, कानापर्यंत येणारी, स्वतःचे पट्टे असलेली. गाडीच्या सांगाड्यालाच तिच्या कड्या अडकवल्या. मला हलवून दाखवली, तसूभर हलली नाही. त्याला कौतुक वाटत होतं. “हिची पाठ वाढवता येते,” म्हणाला. “पट्टे नंतर काढायचे. आता बारा वर्षांची होईपर्यंत बघायला नको.”

तो खुर्चीबद्दल बोलत होता. नात साडेचार वर्षांची होती. मी दाराला धरून उभा राहिलो आणि “चांगली आहे” म्हणालो.

विमानतळावर नातीनं घडी केलेली गादी माझ्या हातात दिली. मूठ धरून, दोन्ही हातांनी. “आबा, हे घेऊन जा,” म्हणाली. “मी आली की लागन मले.” मी “हाव, घेऊन जातो” म्हणालो. विमानात माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तिथं मी गादी ठेवली. वाढायला आलेल्या बाईनं दोनदा ती वर ठेवायला सांगितलं. मी दिली नाही, मग ती मांडीवर घेतली.

धाडला आलो तेव्हा बायको दुकानातच होती. माझ्या मागं तिनं बघितलं, मग गादीकडे बघितलं. फोनवर तिला सगळं कळलेलं होतं तरी बघितलं. दुकानातल्या कपाटावर तीच गोधडी होती, नात दुपारी जिच्यावर झोपायची ती. मी ती उचलली आणि काट्यावर टाकली. मला तो आकडा बघितल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. साडेतीन किलो भरली.

“पाह्य,” मी म्हणालो. “हे बारदान वजा करायचं राहून गेलं आपलं.”

बायकोनं काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. “तुले... तुम्हाले जे म्हणाचं ते म्हणा,” ती म्हणाली. एवढ्या वर्षांत तिनं मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. “मले चुकीची म्हणा, येडी म्हणा. पण माह्या पोरीले बारदान म्हणू नका.”

तिनं गोधडी काट्यावरून उचलली, खांद्यावर घेतली, लेकरू घेतात तशी, आणि आत गेली. बाहेर मक्याची गाडी येऊन उभी होती आणि माणूस वजनासाठी हाका मारत होता. मी नातीची गादी उघडली आणि माझ्या बैठकीशेजारी मांडली.